गाडीत काय भरायचं

आमची जुनी गाडी पेट्रोलची होती आणि मी सुखात होतो. काटा खाली आला की पंपावर जायचं, एवढीच अक्कल लागायची. मग पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल जास्त मिसळायला लागले आणि माझ्या डोक्यात भुंगा शिरला. मेकॅनिक म्हणाला, "सर, जुन्या गाडीला हे सोसायचं न्हाय. आतली रबरं खराब होत्यात." वेळापूरला माझा मेव्हणा ऊस लावतो. त्याला हे सांगितलं तर तो फुगून बसला. "आमच्या उसाला आत्ता कुटं बरे दिवस यायलेत, आणि तुमी नावं ठेवताय व्हय?" मला दोघांचंही पटलं. हीच माझी खोड, जो शेवटी बोलतो त्याचं मला पटतं.

गाडी विकली. जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत विजेच्या गाडीचा विषय काढला, तर चार्जिंगचं मीटर कुठं बसवायचं यावरून अशी जुंपली की मी चहा अर्धा टाकून घरी आलो. शेवटी सीएनजी घेतली. बरोबर केलं की चूक, मला आजही सांगता येणार नाही.

गाडी लागायची ती आईसाठी. आई ऐंशीची, गुडघे गेलेले, वॉकर घेऊन चालते. तिची धाकटी बहीण अक्कलकोटला असते. एक रविवार आड आईला तिच्याकडे न्यायचं, हा आमचा नेम. दोघींचं लहानपण कानडीत गेलेलं, आमच्या घरात कुणालाच कानडी येत नाही आणि मावशीला फोनवर ऐकू येत नाही. तिच्यासमोर बसली की आईचा आवाजच बदलायचा. मला ओ की ठो कळायचं नाही, पण ऐकायला बरं वाटायचं.

नव्या गाडीतून पहिल्याच रविवारी वाटेत गॅस भरायला थांबलो. नंबर आल्यावर पंपावरचा माणूस म्हणाला, "सगळे खाली उतरा." गॅस भरताना गाडीत कुणी बसायचं नाही, हा नियम मला माहीत होता. आईलाही उतरावं लागेल हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं. डिकीत सिलिंडर, म्हणून वॉकर मागच्या सीटवर कोंबलेला. तो निघेना. मागून हॉर्न सुरू. आई उन्हात एकेक पाऊल टाकत भिंतीपाशी पोहोचली, तोवर तो माणूस म्हणाला, प्रेशर नाही, थांबावं लागेल. आमची गाडी पेट्रोलवरही चालते, तसंच निघता आलं असतं. पण गॅसची गाडी घेऊन पेट्रोल कशाला जाळायचं, असा मी हट्टाला पेटलेला. आई अर्धा तास उभी होती.

पुढच्या वेळी ती म्हणाली, "आज नको, कंटाळा आलाय." त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मला वाटलं, वय झालं. मी आपला विजेच्या गाड्यांचे व्हिडिओ बघतोय, हायब्रिड म्हणजे काय हे बायकोला समजावतोय, मलाच न समजलेलं. असे चार महिने गेले. एक दिवस बायको मेथी निवडता निवडता म्हणाली, "शनिवारी एकटे जाऊन गॅस भरून आणा की. आईंना कशाला उतरवायचं?" लई लाज वाटली.

शनिवारी गॅस भरून आणला आणि आईला तसं सांगितलं. रविवारी आई काही न विचारता तयार झाली. वाटेत तो पंप दिसला तशी तिने दाराची कडी घट्ट धरली. गाडी पुढे गेल्यावर सोडली.

मावशीने दारातच कानडीत काहीतरी विचारलं, जरा रागानेच. आईने दोन शब्दांत उत्तर दिलं. मावशीने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि मला आधी पाणी दिलं.

परत येताना मी आईला विचारलं, मावशी काय म्हणत होती.

"विचारत होती, चार महिने कुठं होतीस. मी म्हटलं, पोराची गाडी बिघडली होती."

गाडी एक दिवसही बंद पडली नव्हती.