खेकडाबाई आणि दोन चौकोन

कल्पना करा, तुमच्या मांडीवर दोन वर्षांचं एक मूल आहे. त्याचा कान ठणकतोय, ते तुम्हाला ओळखत नाही आणि समोरची डॉक्टरीण त्याच्या कानात बत्तीची दुर्बीण घालणार आहे. दहा सेकंद त्याला हलू द्यायचं नाही. दुखवायचं नाही. चावूनही घ्यायचं नाही. जमेल?

खेकडाबाईंना जमायचं. मुलाचे पाय स्वतःच्या गुडघ्यांत, एक हात त्याच्या दोन्ही हातांवरून आडवा, दुसरा तळवा कपाळावर, डोकं आपल्या छातीला टेकवलेलं. मुलांच्या रुग्णालयातल्या कानाच्या खोलीत सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं. हे नाव पोरांनीच ठेवलेलं. पगारपत्रकावर त्या नुसत्या ‘मदतनीस’. डाव्या मनगटावरची दातांची खूण दाखवून त्या म्हणायच्या, "हा आता वकील झालाय. लक्षण तेव्हाच दिसत होतं."

मग साथ आली. शाळा बंद, पाळणाघरं बंद. भिंतीवर ‘अंतर ठेवा’ची पाटी लागली आणि मांडीवर घेणं त्या अंतरात कुठेच बसेना. तपासणी फोनवर सुरू झाली. आया मुलाच्या कानाशी मोबाईल धरायच्या. डॉक्टरीणबाईंना कधी केस दिसायचे, कधी छताचा पंखा, एकदा तर अख्खे आजोबा.

"ताई, कान दाखवा ना."

"हाच की कान!"

"ती नाकपुडी आहे."

प्रत्येक फोननंतर संगणकात नोंद करायची. रुग्णालयाचे संगणक मी सांभाळायचो, तो फॉर्म मीच बनवला होता, एका दुपारात, मोठ्या उत्साहाने. ‘कानात संसर्ग’ यापुढे दोन चौकोन: ‘आहे’ आणि ‘नाही’. कान दिसलाच नाही तर काय, हे मला सुचलं नव्हतं. न दिसलेल्या कानाला ‘आहे’ म्हणायला डॉक्टरीणबाई धजेनात. मग ‘नाही’.

वर्षअखेरीला आलेख निघाला. जिन्यावरून पाय घसरावा तसा सरळ खाली. अधीक्षकसाहेबांनी तो दारापेक्षा मोठा छापून फाटकाशी लावला आणि वर लिहिलं, ‘आमच्या कर्ण-आरोग्य मोहिमेचे यश’. ही मोहीम म्हणजे जिन्याखाली चिकटवलेला एक कागद होता, तोही उलटा. साहेबांचा सत्कार झाला. त्याच आठवड्यात खेकडाबाईंना पत्र आलं: संसर्ग आटोक्यात आल्याने मुलं धरणारी व्यक्ती अतिरिक्त ठरत आहे, सबब सोमवारपासून धुलाई विभाग.

पत्र घेऊन त्या थेट साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, मुलांचे कान दुखलेच नाहीत, की कोणी इथे आणलेच नाहीत?"

"बाई, आकडा बघा."

"आकडा बघितला. कान कोणी बघितला?"

"मुलं बरी आहेत, याचा आनंद नाही होत तुम्हाला?"

"बरी असतील तर नाचत चादरी धुवेन. पण खरंच बरी आहेत का, एवढं सांगा."

साहेबांनी चहा मागवला, तोही एकच. बाई तळघरात गेल्या. त्यांच्या जागी पट्ट्यांची एक खुर्ची आली, ‘बालस्थैर्य आसन’.

शाळा उघडल्या. पहिल्या आठवड्यात नाकं गळू लागली, तिसऱ्यात कानाच्या खोलीपुढची रांग फाटकातल्या आलेखापर्यंत पोचली. आसनावर बसवलेलं पहिलं मूल साबणाच्या वडीसारखं निसटलं. दुसरं आसनासकट दारापर्यंत गेलं. शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः तळघरात उतरल्या.

"चला हो. मला एकसुद्धा कान दिसत नाहीये."

बाईंनी हात पुसले आणि जिना चढल्या. फाटकावर तोवर नवा कागद लागला होता: संसर्गातली वाढ पालकांच्या निष्काळजीपणामुळे. आलेख खाली गेला तो साहेबांमुळे, वर चढला तो पालकांमुळे. वाटणी चोख होती.

त्या दिवशी बाईंच्या मांडीवर आधी एक कुरळ्या केसांची मुलगी आली. साथीपूर्वी ती महिन्या-दोन महिन्यांनी यायचीच. "वर्षभर एकदाही कान दुखला नाही, तुमचा चौकशीचा फोन आला तेव्हाही हेच सांगितलं," तिची आई म्हणाली. "घरातच होती ना, सर्दी द्यायला होतं कोण? शाळेत गेली आणि लागली रडायला." तिच्यामागे एक मुलगा. त्याच्या कानाच्या पडद्याला भोक होतं.

"हे जुनं दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"गेल्या वर्षी पू यायचा उशीवर," त्याचे वडील म्हणाले. "इकडे आणायची भीती वाटली. फोन केला होता. काही दिसत नाही म्हणालात."

माझ्या फॉर्ममध्ये ही दोघंही ‘नाही’ होती.

संध्याकाळी बाईंनी मला बोलावलं. "तुझेच ना ते चौकोन? तिसरा काढ." मी काढला: ‘कान पाहिलाच नाही’. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि मान डोलावली.

"छान झालं. हे पुढच्यांचं. मागच्यांचं काय?"

मी जुन्या नोंदी उघडून पाहिल्या; नुसते ‘नाही’. साहेब तर त्यांना बघून रस्ताच बदलतात. बाई मात्र अजून मूल मांडीवर घेतलं की त्याच्या आईला तेवढ्यात विचारून घेतात, बंदच्या वर्षात याचा कान दुखला होता का, आणि जाताना मलाही हटकतात:

"काय रे, त्या वर्षातल्या ‘नाही’मध्ये खरंच न दुखलेले कान किती, आणि उशीवर पुसून टाकलेले किती?"