मी हरवलो ती सकाळ

समस्त जनांस गांभीर्याने कळवतो, की एकदा रत्नागिरीत मी चांगला दोन मिनिटं नाहीसा झालो होतो. पेंढ्यातल्या हापूसचा वास आला की ते आठवतं. वडील गेल्यापासून जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून शेजारचे बागवाले गुरुजी मला रोज आंब्याच्या कलमाखाली बसवून 'मी कोण?' शोधायला लावायचे. मला सापडायची ती फक्त गुडघ्यातली कळ. त्या सकाळी गुरुजींच्या घरच्या काकू पडवीतून ओरडल्या, "अहो, बागेत माकडं शिरली! ब्रह्म नंतर शोधा!" गुरुजी धोतर सावरत आणि मी पत्र्याचा डबा बडवत, बोंब मारत बागेच्या दगडी गडग्यापर्यंत धावलो. परतताना धापा टाकत त्यांनी विचारलं, "काय रे, आत्ता धावला तो कोण?" अजूनही जीव घाबरा झाला की तेव्हा तोंडून निसटलेलं उत्तर आठवतो: "गुरुजी, माकडं होती, डबा होता, बोंब होती, मी तेवढा कुठे दिसलो नाही!"