आधी ओहम सांग

"किती वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ?" असं कोणी विचारलं की तो आधी कान खाजवायचा. मग म्हणायचा, "पहिले ओहम सांग. वॅटले काय चाटानं शे?" गल्लीतल्या बायका हसायच्या, "ओम ओम करत फिरतो, वेळेआधीच देवाला लागला."

गोडादऱ्यात साउंडचं दुकान माझं, पाटी माझी. तो पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधला साधा वायरमन. तरी लोक त्यालाच विचारत. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याचा तो धंदा नाही आणि ज्याच्यावाचून अडतं. माझ्या सख्ख्या मेव्हण्याने अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडून नेला, पण पसंत त्याच्याकडून करून घेतला. आठवडाभर मी मेव्हण्याशी धड बोललो नाही. लोकांनी मला जाणकार म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

त्याचं खरं असायचं, हे जास्त झोंबायचं. ओहम म्हणजे स्पीकरचा करंटला होणारा अडथळा. एका मशीनवर, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवर, बेसच्या स्पीकरची खोकी वाढवत गेलं की तो उतरतो आणि मशीनची दमछाक होते. मग कागदावरचे वॅट कामाला येत नाहीत, तेवढा करंट पुरवणारं दमदार मशीन लागतं.

हे मलाही ठाऊक होतं. तरी पुतणीच्या हळदीला, भेस्तानच्या हॉलमध्ये, मी ऐटीत चार खोकी एकाच नव्या मशीनवर चढवली. दुसऱ्याच गाण्याला लाल दिवा लागला आणि सगळं गप्प झालं. व्याही माझ्याकडे बघायला लागले.

पाहुण्यांत जेवायला बसलेला तो ताट ठेवून मशीनमागे आला. "कितला ओहम व्हयना?"

त्याने दोन खोक्यांच्या वायरी काढून माझ्याच दुसऱ्या मशीनला लावल्या. बेस असा उठला की खिडक्यांची तावदानं थरथरली. बाहेर जाऊन त्याने व्याह्यांना सांगितलं, "दादानी करी टाकं बरोबर."

टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. मनाचा मोठेपणाही त्यानेच दाखवला, म्हणून मी आणखी जळलो.

गेल्या वर्षी छातीत कळ येऊन तो गेला. मी त्याच्या घरच्यांना भेटायला गेलो. त्याच्या बायकोने चहा दिला आणि बसलेल्या पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "ते म्हनेत, साउंड फक्त दादाले समजस."

सगळे माझ्याकडे आदराने बघू लागले. हळदीच्या दिवशी खरं काय झालं ते तेव्हा सांगितलं असतं, तर त्या माउलीला किती बरं वाटलं असतं. मी चहा संपवला आणि उठलो.