कव्हर घातलेली कादंबरी

साहेबराव ओव्हाळ दौंड स्टेशनात पार्सल क्लार्क होते, आणि अख्ख्या बौद्धवाड्यात इंग्रजी वाचणारे एकटेच. संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून ते जाडजूड पुस्तक उघडत. त्यांची आई भामाबाई लगेच गल्लीतल्या पोरांवर ओरडायची, "गप बसा रं! माझा साहेबराव कायदा वाचतोय."

कसला कायदा! विलायतेला निघून गेलेल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरची बायको रेल्वे इन्स्टिट्यूटच्या कपाटात प्रेमाच्या कादंबऱ्या ठेवून गेली होती, त्यातलीच ती एक. दीडशे वर्षांपूर्वीचे इंग्रज सरदार, त्यांच्या घोडागाड्या, आणि जिभेला धार असलेल्या मुली. दोनशे पानं नुसती टोमणेबाजी. गाडीतून उतरताना सरदारानं मुलीला हात दिला, एवढ्यावर एक प्रकरण संपे. साहेबरावांचं स्वतःचं लग्न कासुर्डीत एका चहात ठरलं होतं, आणि बायकोशी आजवरचं बोलणं म्हणजे दळण आणि रेशन. म्हणूनच की काय, माणसं इतक्या सबुरीनं एकमेकांच्या जवळ येतात याचं त्यांना वेड लागलं होतं. वेड लागण्यात पाप नाही. पण पुस्तकावर वर्तमानपत्राचं कव्हर चढवायचं आणि आईला कायदा म्हणू द्यायचं, हा निव्वळ भित्रेपणा.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात शेजारची मुक्ताबाई आली. नवरा वारून सहा महिने झाले होते. तिनं चपला बाहेर काढल्या, पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावला.

"भाऊ, दीर म्हंतो, घर माझं एकट्याचं हाय, हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा दे. ह्यात बगा की, इधवेला काय हाय का न्हाई?"

आई कौतुकानं बघत उभी होती. खरं सांगायला साहेबरावांची जीभ रेटेना. त्यांनी दोन पानं उलटली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "नीट वाचून सांगतो."

वकिलाला विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण उद्या जाऊ, परवा जाऊ चाललं. खोटं कशाला बोला, सरदारानं अजून मागणी घातली नव्हती आणि शेवटची चाळीस पानं उरली होती. ती संपली, तेव्हा कुठं आठव्या दिवशी ते वकिलाकडे गेले.

"नवऱ्याच्या वाट्यावर तिचा हक्क आहे की," वकील म्हणाला. "फक्त अंगठा देऊ नका म्हणावं."

साहेबराव तसेच धावत मुक्ताबाईच्या दारात गेले. ती बोचकं बांधत होती.

"परवाच दिला, भाऊ. दिरानं कचेरीत नेलं, मला काय सुदरंना."

साहेबरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मुक्ताबाई, माझं चुकलं. ते पुस्तक..."

"तुमी कशाला वाईट वाटून घेता?" ती म्हणाली. "आठ दिस बगत व्हते न्हवं मी. माझ्यापायी मान वर न करता वाचत व्हता तुमी."