जिनिंगच्या पटांगणात तापलेली चाकं

गाडी सरकीच्या ढिगात घुसली तेव्हा हे माझ्या शेजारी बसलेले होते. हे म्हणजे माझे मिस्टर, सेलूला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये सुपरवायझर. उन्हाळ्यात कापूस संपला, गाठी रवाना झाल्या की जिनिंगचं ते भलंमोठं सिमेंटचं पटांगण मोकळं पडतं. मालकाच्या परवानगीनं गावातले आम्ही दोन-चार हौशी लोक रविवारी सकाळी तिथं रिकामे ड्रम मांडून त्यांच्याभोवती गाड्या पळवतो. एका वेळी एकच गाडी, बाकीचे भिंतीवर बसून नावं ठेवायला मोकळे. बायकांमध्ये मी एकटीच. आठवडाभर बँकेत खिडकीमागं बसून डोकं आंबलेलं असतं, ते तिथं ताजं होतं.

त्या दिवशी कोपऱ्यावर ब्रेक दाबला आणि पॅडल पार खाली गेलं. ओल्या कणकेत पाय रुतावा तसं. पुन्हा दाबलं, तरी तेच. समोर शेवटची राहिलेली सरकी होती, तीत आम्ही बोनेटपर्यंत शिरलो. दार उघडून हे उतरले, डोक्यातून, कॉलरमधून सरकी गळायलेली. मला हसू आवरेना. यांनी एक दाणा कानातून काढला आणि म्हणाले, "मी आता तुझ्या शेजारी बसणार न्हाई."

मला वाटलं, रागात आहेत, दोन दिवसांनी उतरेल. कशाचं काय! पुढच्याच महिन्यात माझ्या माहेरी, जिंतूरला, जायचं होतं. मी गाडी काढली, तर हे पिशवी घेऊन स्टँडकडं निघाले. मी गाडीनं पोचले, हे मागून एसटीनं. आई दारात उभी राहून एकदा माझ्याकडं बघायली, एकदा रस्त्याकडं. "भांडलाव काय गं?" आता काय सांगणार कपाळ! लग्नापासून त्या रस्त्यानं आम्ही शेजारी-शेजारी बसून गेलो. गाडीत हे जेवढं बोलतात तेवढं घरात आठवड्यात बोलत नाहीत. ती मोकळी सीट बघून मला परतताना रडू आलं. आणि त्याच तिरीमिरीत ठरवलं की हे पॅडल खाली का गेलं ते शोधून काढायचंच. मला एखादी गोष्ट कळली नाही की जेवण गोड लागत नाही.

आधी मला वाटायचं, ब्रेक म्हणजे गाडी धरून ठेवणारी वस्तू. बारकाईनं वाचायला लागले तेव्हा उजेड पडला. गाडीचा वेग जातो कुठं? तो उष्णता होऊन चाकामागच्या लोखंडी तबकडीत, म्हणजे डिस्कमध्ये, उतरतो. सेलूहून परभणीला जाऊन आल्यावर मी चाकाच्या जाळीतून डिस्कवर पाणी शिंपडलं, तर ते गुमान ओघळलं. पटांगणात थोडे फेरे मारून शिंपडलं, तर थेंब तव्यावरच्यासारखे नाचले. रस्त्यावर एकदा ब्रेक लावला की पुढं कितीतरी वेळ वारा लागतो. इथं एक कोपरा गेला की दुसरा हजर. ती उष्णता आत ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ऑइल जुनं असलं, हवेतली ओल पिऊन बसलेलं असलं, की ते लवकर उकळतं आणि त्यात बुडबुडे होतात. पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यातच जातो. माझ्या गाडीतलं ऑइल गाडी घेतल्यापासून कुणी बदललंच नव्हतं!

ऑइल बदललं, डिस्कला दोन्हीकडून आवळणारे पॅड नवे बसवले. फरक पडला, पण फेरे वाढवले की पॅडल पुन्हा मऊ. मग वारा आणायचा ठरवलं. पुढच्या बंपरातून एक लवचीक पाइप चाकामागं नेला आणि त्याचं तोंड डिस्कच्या चपट्या अंगाकडं केलं. काही उपयोग झाला नाही. आता मात्र मला चेव आला. घरी अंगणात गाडीचं एक पुढचं चाक जॅकवर उचललं, चाक काढून नुसती डिस्क नटांनी आवळली आणि इंजिन चालू करून ती फिरवली. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना म्हटलं, "आत्या, एक उदबत्ती लावून द्या."

"गाडीची पूजा करायलीस व्हय?" म्हणत त्यांनी उदबत्ती आणली. हात लांब ठेवून मी धूर डिस्कजवळ नेला. डिस्कच्या अंगावर तो नुसता विस्कटला. आतल्या बाजूनं मधोमध नेला, तर काय सांगू! डिस्कनं धूर सुरकन आत ओढला आणि कडेनं बाहेर फेकला. एक डिस्क म्हणजे जोडलेल्या दोन तबकड्या, त्यांच्या मधे पोकळी असते, ती स्वतःच पंख्यासारखी वारा ओढते. म्हणजे पाइपाचं तोंड मधोमध हवं! मी अंगणात टाळ्या वाजवल्या. आत्यापण वाजवायल्या, का ते त्यांना ठाऊक नव्हतं.

पाइपाचं तोंड मधोमध वळवलं. त्या रविवारी पॅडल शेवटपर्यंत टणक राहिलं. पण आत्या बघायला आल्या होत्या. मी गाडी उभी करून पाणी प्यायला गेले, तेवढ्यात त्यांनी चाकाच्या जाळीजवळ हात धरून बघितला असावा. "अगं बाई, चाक किती तापलंय," असा त्यांचा आवाज ऐकू आला. आमच्याकडं उन्हाळ्यात गार करायचं म्हटलं की एकच रीत, ओलं बारदान. माठाला बारदान, टाकीला बारदान, कूलरच्या मागं बारदान. त्यांनी बादलीतलं ओलंचिंब गोणपाट चाकावर टाकलं आणि वरून तांब्याभर पाणीही ओतलं. चर्र झालं, वाफेचा लोट उठला आणि आतून टण् असा आवाज आला. डिस्कला तडा गेला होता. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पण त्या गोणपाट हातात धरून इतक्या खुशीत म्हणाल्या, "बघ, आता कसं गार झालं!" मी हात टेकले. तापलेलं लोखंड एकदम भिजवायचं नाही, त्याला फिरत-फिरत वाऱ्यानं निवू द्यायचं, हे मी तरी कुठं त्यांना सांगितलं होतं?

नवी डिस्क बसवली. ती नीट बसली का ते कुणी यायच्या आत बघावं म्हणून मी पुढच्या रविवारी दिवस उगवायलाच पटांगणात गेले. गेट उघडं होतं. आत हे झाडत होते. रविवारी हे भल्या पहाटे जिनिंगवर जातात ते कामालाच, असं मी समजत होते. हातात खराटा, तोंडाला उपरणं. ड्रमांच्या मधली सगळी वाट झाडून झाली होती आणि कडेला कापसाच्या पुंजक्यांचा गुडघाभर ढीग लागला होता. हंगाम संपला तरी शेडमधून, पत्र्यांच्या फटींतून कापूस उडतच राहतो. वाटेच्या बाजूला पाण्याच्या आणि वाळूच्या बादल्या मांडलेल्या होत्या. त्या मी दर रविवारी बघायचे. मला वाटायचं, जिनिंगच्याच असतील.

"हे काय करायलाव?" मी विचारलं.

हे दचकले. मग पुन्हा झाडायला लागले. "तुझी चाकं तापायलीत. पुंजका आत गेला, पेटला, म्हणजे? जिनिंगमध्ये आग काय असती ते मी बघितलंय."

"दर रविवारी झाडता?"

"मग कोण झाडणार, तुझी आई?"

मला राग आला, यांचा आणि माझाही. इतके दिवस मी समजत होते की या माणसाला सरकीत शिरल्याची भीती बसलीय आणि माझ्या हौसेशी यांना काही देणंघेणं उरलं नाही. मी डिस्क बघत होते, पॅडल बघत होते, पण वाऱ्याबरोबर पाइपात काय शिरेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "मग मला सांगायचं न्हाई का? मी काय परकी हाय?"

"सांगितलं आसतं तर तू गाडी चालवणं सोडून दिलं आसतंस." खराटा भिंतीला टेकवून हे म्हणाले, "आन् रविवारी दुपारी तू घरी येतीस ना, तवा लय खुशीत आसतीस."

मी पण एक खराटा घेतला. झाडून झाल्यावर यांनी पाइपाच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बसवली आणि दर काही फेऱ्यांनी थांबून ती हातानं साफ करायची असं मला बजावलं. मग हे शर्ट झटकत गाडीकडं आले, पुढचं दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसले. पट्टा लावला. मी नुसती बघायले.

"चालव की. काय बघायलीस?"

मी चालवली. कोपऱ्यावर ब्रेक घासत ठेवायचा नाही, जोरात दाबून लगेच सोडायचा, हे आता पायात मुरलं होतं. पॅडल शेवटपर्यंत दगडासारखं टणक. यांनी समोरचा डॅशबोर्ड घट्ट धरला होता, पण डोळे उघडे होते. जाळी साफ करायला मी थांबले की हेच उतरायचे. मग मी वेग कमी केला आणि ब्रेकला पायही न लावता गाडी हळूहळू फिरवायला लागले.

"आता काय झालं? बिघडली?" यांनी विचारलं.

"न्हाई हो. चाकं तापलीत. आशी उभी केली तर तशीच तापून राहतात. जरा वारा खात फिरू द्यावं लागतं."

"कितीक वेळ?"

"जितकं फिरंल तितकं चांगलं."

आम्ही पटांगणाला एक संथ फेरा घातला. बाकीची मंडळी आता गेटातून आत यायला लागली होती. हे खिडकीतून बाहेर बघत होते. गेट जवळ आलं तसं त्यांनी डॅशबोर्डावरचा हात काढला आणि रस्त्याकडं केला.

"घे बाहेर," हे म्हणाले. "जिंतूरला तुझ्या आईकडं जाऊन येऊ. तवर होतील गार."