एका खोक्यातल्या दोन नकोत

"एका खोक्यातल्या दोन डिस्क एकाच सर्व्हरला देऊ नकोस गं. सोबत जन्मलेल्या सोबतच जातात."

मंदाकिनीअक्कांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. आमच्या रुग्णालयाच्या जळगावच्या संगणक विभागात मी नुकतीच रुजू झाले होते. धुळे शाखेच्या नव्या सर्व्हरसाठी आलेल्या खोक्यातून दोन हार्ड डिस्क मी मोठ्या हौसेनं बाहेर काढल्या होत्या. अक्कांनी त्यातली एक माझ्या हातून हळूच काढून घेतली आणि दुसऱ्या दुकानातून आणलेली एक माझ्या तळव्यावर ठेवली. मग दोघींवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला, एकीला लाल, दुसरीला हिरवा. दोन्ही डिस्कवर अक्षर न् अक्षर तेच लिहिलं जातं, एक गेली तरी दुसरी काम चालवते, हे मी शिकून आले होते. दोघी एकाच दिवशी जाऊ नयेत म्हणून आधीपासून काय करायचं, ते मात्र मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

अक्का यंदा साठ वर्षांच्या होऊन निवृत्त होत आहेत. जाण्यापूर्वी त्यांनी जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सॉलिड स्टेट ड्राइव्ह बसवून घेतले. काढलेल्या जुन्या हार्ड डिस्क त्यांच्या कपाटात आहेत. आतलं कुणाला वाचता येऊ नये म्हणून भंगारात देण्याआधी त्या प्रत्येकीला स्वतःच्या हातानं ड्रिलनं आरपार भोक पाडणार आहेत. लाल ठिपक्याची डिस्कही त्यातच आहे, आणि तिच्यावर माझ्या आईच्या मनगटाचा एक्स-रे आहे. तो आता त्या कपाटाबाहेर कुठेही नाही. अक्कांच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले तरी मन फिरून त्या कपाटापाशी जातं, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

अक्कांच्या कामाबद्दल लिहायचं तर धुळ्याची खंडेनवमी आठवते. त्या शाखेत नोंदणीच्या खिडकीवर हिलालभाऊ होते. मनाचा निर्मळ माणूस. सुट्टी म्हणून सर्व्हर बंद केलेला. हिलालभाऊंना वाटलं, सर्व्हरच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं पण आत खरं राबणाऱ्या दोघी कोरड्याच राहिल्या. त्यांनी दोन्ही डिस्क बाहेर ओढल्या, पुसल्या, त्यांना कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि परत सारल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व्हर दोघींपैकी एकीलाही ओळखेना.

अक्का आल्या. रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन त्यांनी जोडणीच्या फटींतलं कुंकू झाडलं. हिलालभाऊ बाजूला मान खाली घालून उभे.

"भाऊ, देवाला आंघोळ घालताना त्याचं काळीज बाहेर काढून घासता का?"

"नही अक्का."

"मग हिचं कसं काढलं?"

"अक्का, बठ्ठा काम त्याच करतस ना! त्यास्लेच कुंकू नही, मन्हा जीवले लागनं."

अक्का एवढ्या हसल्या की ब्रश खाली ठेवावा लागला. सर्व्हर सुरू झाला. वर तक्रार गेली नाही. पुढच्या वर्षी अक्कांनी भोक पाडलेली एक मेलेली डिस्क धुळ्याला पाठवली. तेव्हापासून पूजेच्या ताटात तीच असते. तिच्या भोकात झेंडूचं एक फूल नेमकं बसतं. ही रीत पुढे जळगावलाही सुरू झाली.

एकदा मे महिन्यात धुळ्याचा एसी बंद पडला आणि हिरव्या ठिपक्याची डिस्क गेली. नवी कोरी डिस्क जुन्या लुगड्यात गुंडाळून अक्का एसटीनं निघाल्या, मी सोबत. धक्के बसू नयेत म्हणून ती त्यांनी वाटभर मांडीवर धरली होती. कंडक्टर तिकीट देता देता थांबला.

"अक्का, इतलं जपीसन काय धरेल शे? देव शे का?"

"रिकामं भांडं शे रे भाऊ. धुळाले जाईसन भरसू."

"मंग मन्हा टोपला बी भरी द्या!"

भांडं भरायला दिवस गेला. उरलेल्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरत असताना त्या एकटीवर सगळ्यात जास्त ताण येतो. ती त्याच खोक्यातली असती तर कदाचित त्याच दिवशी गेली असती, आणि धुळे शाखेचे सगळे एक्स-रे तिच्याबरोबर. अक्का लाल ठिपक्याच्या डिस्कवर बोटं टेकवून तिची थरथर पाहत बसल्या होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, "टिकली गं."

त्या एक्स-रेंमध्ये माझ्या आईचा होता. साक्रीच्या बाजारात पाय घसरून ती पडली होती. एक्स-रे काढणारा बांगड्या उतरवा म्हणाला, तर तिनं हात मागे घेतला. "राहू दे रे भाऊ. त्यास्ना बी फोटो निंघू दे." त्यामुळे मनगटाच्या हाडांभोवती तिच्या काचेच्या बांगड्यांची पुसट कडी उमटली होती. फिल्म पुढे घर बदलताना हरवली. मुदत संपलेले रिपोर्ट नव्या ड्राइव्हवर न्यायचे नाहीत, असा संस्थेचा नियम आहे. मुदतीत प्रतीसाठी अर्ज करता आला असता. पण तेव्हा आई होती. तिचा हात समोर असताना त्याचा फोटो कशाला लागणार होता?

अक्कांनी नियम कुणासाठी वाकवला नाही. एकदा एका विश्वस्तांचे पाहुणे केबिनमध्ये येऊन बसले. त्यांच्या मुलासाठी नशिराबादचं स्थळ आलं होतं. मुलगी आपल्याच रुग्णालयात तपासून गेली होती म्हणे.

"अक्का, जरा रिपोर्ट बघून सांगा ना. घरचीच गोष्ट आहे."

"मुलगी बघायला तिच्या घरी जा, भाऊ. पोहे मिळतील. इथे काही मिळत नाही."

पाहुणे रागावून गेले, विश्वस्तही काही दिवस बोलेनासे झाले. अक्का मला एवढंच म्हणाल्या, "आत माणसं आहेत गं. आपण फक्त दार राखायचं."

सॉलिड स्टेट ड्राइव्ह आले तेव्हा अक्का निवृत्तीच्या उंबरठ्यावर होत्या. शिकायचं टाळता आलं असतं. पण त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. जुन्या डिस्क बिघडण्याआधी बहुधा कुरकुरायच्या, हाताला कळायचं. या नव्यांना आवाजच नाही. किती लिहून झालं आणि किती झीज झाली, ते पडद्यावरच्या आकड्यांतून पाहावं लागतं. अक्का म्हणाल्या, "बोलणाऱ्याचं कळतं. गप्प बसणाऱ्याकडे आपणहून बघावं लागतं."

आई गेल्यावर मी कामावर परतले तेव्हा मीही गप्पच होते. अक्कांनी डबा उघडला, कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला आणि त्या आपल्या कामाला लागल्या. असं कितीतरी दिवस चाललं. मग एका दुपारी मीच आईबद्दल बोलू लागले. त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि ऐकलं.

अशा माणसाच्या हाताखाली आयुष्याची उमेदीची वर्षं गेली, याचं मला समाधान आहे. अक्का, तुमचे डोळे आणि गुडघे पुष्कळ वर्षं तुमचं ऐकत राहोत. वैद्यांकडे जाणं झालंच तर ते फक्त ओळखीच्यांना भेटायला व्हावं. दर खंडेनवमीला ताटातल्या डिस्कमध्ये झेंडू तुमच्याच हातानं खोवला जावो. तुमची शंभरी आम्ही विभागाच्या याच खोलीत साजरी करू.

आणि एक मागणं आहे. समोर उभी राहून मागायचा धीर होत नाही, म्हणून चारचौघांच्या देखत इथे लिहिते. लाल ठिपक्याच्या डिस्कला भोक पाडण्याआधी ती एकदा, एकदाच, मशीनला लावा अक्का, आणि मला आईचा हात पाहू द्या.