चॉकलेटी गाडी

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगून राहिलो. मी लातूरला शाळेत भूगोल शिकवतो. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, आणि साहेबांसमोर खरं बोलायला मी कधी कचरलो नाही. मग हे एकच वाक्य घशात का अडकलं? बघू, आज निघतंय का.

आधी माझ्या बायकोबद्दल सांगतो. सुरेखाचं माहेर अर्धापूरचं, केळीवाले लोक. त्या घरात कुणाचंही लग्न ठरलं, की बस्ता बांधायच्या आधी आमच्याकडे फोन यायचा. "आत्याबाईंना आणा, त्यांच्याशिवाय साड्या घ्यायच्या न्हाईत." कारण तिची एक रीत होती. दुकानदारानं साडी उलगडली, की ही ती उचलून थेट दुकानाच्या पायरीवर जायची, उन्हात. दिव्याखाली सगळंच छान दिसतं, म्हणायची. दुकानदार वैतागायचे, पण तिनं निवडलेल्या साडीला नाव ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. मला तिचा अभिमान वाटायचा. खरंच वाटायचा!

तर, गाडी. "पांढरी घ्या," ती म्हणाली होती. दसऱ्याच्या दिवशी ती घरी पुरणात गुंतलेली, म्हणून शोरूमला मी एकटाच गेलो. तिथं कळलं — पांढरी दिवाळीनंतर मिळेल, चॉकलेटी आत्ता न्या. आता दसऱ्याला गाडी दारात नसेल तर गल्लीला कळणार कसं? दिव्याखाली ती चॉकलेटी अशी चकाकत होती म्हणता! बाहेर काढून उन्हात बघावी, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. एवढी वर्षं त्या बाईसोबत राहून!

घरी आलो तर तिनं एवढंच विचारलं, "पांढरी नव्हती का?" नव्हती म्हणलो. ते अर्धं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तोंडात पेढा आणि गाडीत सगळं घर घेऊन अर्धापूर गाठलं. रस्त्याची धूळ बसलेली, वर टळटळीत ऊन. सुरेखाच्या वहिनी ओवाळायचं ताट घेऊन आल्या, आणि सुरेखाचा थोरला भाऊ गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "दाजी, गाडी हाय का गोवरी?"

अख्खं अंगण हसलं. आणि मी — शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज — मी म्हणलो, "तुमच्या बहिणीचीच पसंती."

झालं. हेच ते वाक्य. एवढंसं. पुन्हा हसले सगळे, या वेळी तिला. ती माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं. नाही बघितलं. खाली वाकून चपला सरळ करत बसली.

चेष्टाच होती, विसरतील — असंच तुम्हालाही वाटलं असतं ना? पण बस्त्याचे फोन थांबले. भाचीचं लग्न निघालं, तेव्हा बस्त्याला नांदेडला जायला माझी गाडी मागितली, सोबत मलाही. तिला मात्र वहिनी हसत म्हणाल्या, "आत्याबाई, तुम्ही राहा घरी, न्हाईतर नवरीला चॉकलेटी शालू यायचा!" सख्खी आत्या. तीही हसली, आणि परत येणाऱ्यांसाठी स्वयंपाकाला लागली. दुकानात वहिनींनी शालू दिव्याखालीच पसंत केला. पायरीवर नेऊन बघा, हे माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

त्यानंतर मला ती गाडी डोळ्यांसमोर नको झाली. पण बँकेचा बोजा उतरल्याशिवाय विकता येत नाही. मग शिकवण्या वाढवल्या, फिरणं बंद केलं, आणि पाच वर्षांचं कर्ज तीनच वर्षांत फेडून टाकलं. स्टाफरूममध्ये केवढं कौतुक! सरांना कर्ज म्हणून खपत नाही, सरांकडून शिका. मी मान डोलवत चहा प्यायलो. त्या काळात दिवाळीला साडी घे म्हणलो, तर सुरेखा म्हणायची, आधी गाडीचं होऊन जाऊ द्या. तिला वाटत होतं मला कर्जाचा घोर लागलाय. मला घोर होता तो त्या रंगाचा. शेवटी औशाचं एक गिऱ्हाईक मिळालं; त्या गाडीसोबत त्यानं माझी थापही न्यावी, एवढंच मला हवं होतं.

गाडी गेली. नवी घेतली, पांढरी. पुन्हा सुरेखाच म्हणाली होती, पांढरी घ्या. शोरूमवाल्याला तिनं ती उन्हात काढायला लावली, सगळीकडून फिरून बघितली.

अर्धापूरला तेच अंगण, तेच ताट. मेहुण्यानं बोनेटवरून हात फिरवला. "वा! लई झकास. ह्या बारीला दाजींनीच निवडली दिसते."

या वेळी मात्र तिनं माझ्याकडे बघितलं. सरळ बघितलं, आणि थांबली.

मी म्हणलो, "हाव, मीच."

ती पिशव्या उचलून आत गेली.

परवा मेहुण्याचा फोन आला. धाकटीचं लग्न ठरलंय, बस्ता नांदेडलाच आहे. दाजी, तुमची रंगाची नजर चांगली, तुम्ही यायलाच पाहिजे, म्हणाला. सुरेखा समोरच भाजी निवडत बसली होती, आणि फोनचा आवाज मोठा होता.

येतो म्हणलो.